मीटर नेमके काय मोजतो?

शिक्षकांच्या शिबिरात विजेचा विषय निघाला की चहाच्या सुट्टीत कोणीतरी जवळ येऊन एक प्रश्न हमखास विचारते. "सर, ती वीज वाचवणारी पेटी मिळते ना, प्लगमध्ये खोचून ठेवायची, ती घ्यावी का?" विचारणारे बहुधा विज्ञानाचेच शिक्षक असतात आणि प्रश्न स्वतःसाठी नसतो. एखाद्या पालकाने विचारलेले असते, मेहुण्याने आणलेली असते, किंवा सोसायटीच्या सभेत सर्वांसाठी एकदम घेण्याची सूचना आलेली असते.

पेटी साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. प्लगमध्ये खोचली की हिरवा दिवा लागतो. वेष्टनावर लिहिलेले असते की बिलात तीस-चाळीस टक्के बचत होईल. कुठे 'नासाचे तंत्रज्ञान' असा शिक्का असतो, तर अलीकडच्या जाहिरातींत एखाद्या बड्या अमेरिकी उद्योगपतीचे नाव जोडलेले असते. विजेचे बिल ज्या घराला जड जाते, त्याच घराला ही पेटी विकली जाते, आणि पेटीची किंमत पुष्कळदा त्या घराच्या महिन्याच्या बिलाएवढी असते.

"घेऊ नका, फसवणूक आहे" असे सांगून प्रश्न मिटवता येतो. पण विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. त्याने किंवा त्याच्या मेहुण्याने प्रात्यक्षिक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. विक्रेत्याने पेटी लावली आणि अँपिअर दाखवणारा आकडा खरोखरच निम्म्यावर आला! गंमत अशी की हे प्रात्यक्षिक खरे असते. खऱ्या प्रात्यक्षिकातून खोटा निष्कर्ष कसा निघतो, हे समजून घ्यायचे तर आपल्याला भिंतीवरच्या मीटरचा इतिहास थोडा चाळावा लागेल.

तराजूत तोललेली वीज

थॉमस एडिसनने न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले. वीज विकायची तर ती मोजायला हवी. एडिसनने वापरलेली युक्ती आपल्या दहावीच्या मुलांना लगेच समजेल, कारण तिच्यामागे फॅराडेचा विद्युत अपघटनाचा नियम आहे. एका बाटलीत झिंक सल्फेटचे द्रावण आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात जाणाऱ्या प्रवाहाचा ठराविक लहानसा अंश या बाटलीतून जाई आणि एका पट्टीवरचे जस्त सुटून दुसरीवर बसे. महिन्यातून एकदा कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई, त्या काळजीपूर्वक तोलल्या जात आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. हिवाळ्यात द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या खोक्यातच एक दिवा बसवलेला असे. थंडी वाढली की तो आपोआप लागे.

गिऱ्हाइकांना हा मीटर आवडला नाही. त्यावर आकडाच नव्हता! बिल बरोबर की चूक हे घरमालकाला पडताळून पाहता येत नसे, कंपनीच्या तराजूवर विश्वास ठेवावा लागे. मीटरविषयीचा संशय हा मीटरइतकाच जुना आहे असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब वेगळी आहे. हा मीटर ऊर्जा मोजत नव्हता. तो मोजत होता विद्युतप्रभार, म्हणजे किती अँपिअर प्रवाह किती वेळ वाहिला ते. एडिसनची वीज दिष्ट होती आणि विभवांतर जवळजवळ स्थिर होते. त्यामुळे प्रभाराला विभवांतराने गुणले की ऊर्जा मिळे. काम भागत होते.

मग प्रत्यावर्ती वीज आली. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या कंपनीने १८८६ पासून ती विकायला सुरुवात केली, पण तिच्यासाठी चांगला मीटर नव्हता. प्रवाहाची दिशाच सारखी उलटत असेल तर जस्त जितके जाईल तितके परत येईल. १८८८ मध्ये या कंपनीतील अभियंता ऑलिव्हर शॅलेनबर्गर एका नव्या कमानी दिव्याची तपासणी करत होता. दिव्यातली एक छोटी स्प्रिंग सुटून आत पडली. उचलायला जावे तो ती स्वतःभोवती सावकाश फिरते आहे असे त्याच्या लक्षात आले. वेटोळ्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ती फिरत होती. काही आठवड्यांतच त्याने या तत्त्वावर मीटर बनवला. त्याला काटे होते, आकडे होते आणि तो कोणालाही वाचता येई.

शॅलेनबर्गरचा हा पहिला मीटरही अँपिअर-तासच मोजत असे. त्या वेळी प्रत्यावर्ती विजेवर मुख्यतः तापदीप्त दिवेच चालत होते, त्यामुळे बिघडत काही नव्हते. पण आपल्या पेटीच्या गोष्टीत हा मुद्दा फार मोलाचा आहे. आपल्या घरी आजही १८८८ सालचा तो मीटर असता, तर वीज वाचवणाऱ्या पेटीने बिल खरोखर कमी केले असते! विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकातला अँपिअरमापक तेच करतो. तो आपल्याला सव्वाशे वर्षांहून जुन्या मीटरकडे नेतो.

शॅलेनबर्गरनंतर वर्षभरातच, १८८९ मध्ये, बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने ऊर्जा मोजणारा प्रवर्तन मीटर तयार केला. शॅलेनबर्गरनेही पुढे तसा केला. इटलीत तुरिनला गॅलिलिओ फेरारिस याने १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना मांडली होती, तिचा हा उपयोग. धातूची एक चकती, तिच्याजवळ एक वेटोळे प्रवाहाचे आणि दुसरे विभवांतराचे. चकतीवरचे बल फक्त प्रवाहावर अवलंबून राहत नाही. प्रत्येक क्षणाचे विभवांतर आणि त्याच क्षणाचा प्रवाह यांच्या गुणाकाराच्या सरासरीवर ते ठरते. शेजारी एक कायम चुंबक चकतीला रोखत असतो, त्यामुळे तिचा वेग त्या सरासरीच्या प्रमाणात राहतो. घराघरांत वर्षानुवर्षे फिरत राहिलेली ती चकती म्हणजे गुणाकार करणारे एक यंत्रच होते. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर हाच गुणाकार चिपमध्ये करतात. बिलावरचे 'युनिट' हेही त्या काळातलेच. ब्रिटनमध्ये किलोवॅट-तासाला बोर्ड ऑफ ट्रेड युनिट म्हणत, त्यातले शेवटचे तेवढे आपल्याकडे राहिले.

उसनवारी

हा गुणाकार कशासाठी? दिवा, इस्त्री, गीझर यांत विभवांतर आणि प्रवाह बरोबरीने वरखाली होतात. पण ज्यात तारेची वेटोळी आहेत, म्हणजे मोटर किंवा जुन्या ट्यूबलाइटचा चोक, त्यात प्रवाह विभवांतराच्या थोडा मागे पडतो. वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र उभे करायला ऊर्जा लागते. क्षेत्र मावळले की ती परत तारेत येते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत ही देवघेव सेकंदाला १०० वेळा होते.

शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि तेवढीच परत करावी, असे दिवसभर चालू ठेवले तर आपल्या घरची साखर संपत नाही आणि काकूंचीही संपत नाही. फेऱ्या मात्र खऱ्या होतात. विजेतल्या अशा फेऱ्या म्हणजे तारेतून वाहणारा जादा प्रवाह. अँपिअरमापक सगळ्या फेऱ्या मोजतो. घरचा मीटर जाताना अधिक, येताना उणे धरतो आणि जी साखर खरोखर चहात पडली तेवढीच नोंदवतो. प्रत्यक्ष खर्च झालेली शक्ती आणि विभवांतर गुणिले प्रवाह यांच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. उसनवारी जितकी जास्त, तितका तो एकापेक्षा कमी.

कपॅसिटरची उसनवारी नेमकी उलट्या वेळी चालते. मोटर ऊर्जा मागते तेव्हा कपॅसिटर देतो आणि मोटर परत करते तेव्हा तो घेतो. काकूंकडे जाण्याऐवजी घरातल्या घरात डब्याची अदलाबदल. वीज मंडळाच्या तारेतला जादा प्रवाह त्यामुळे कमी होतो. हे शंभर टक्के खरे आहे, आणि कारखान्यांत मोटरींजवळ कपॅसिटर लावतात ते याचसाठी. जादा प्रवाहामुळे तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, त्याची किंमत मोठ्या ग्राहकांकडून फार पूर्वीपासून वसूल केली जाते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर निघते, म्हणजे त्यांच्या फेऱ्याही मोजल्या जातात. एखादा विक्रेता "अमुक कारखान्याने बसवले, त्यांचे बिल उतरले" असे सांगतो तेव्हा तो खरे सांगत असण्याची शक्यता आहे. घरगुती बिल मात्र किलोवॅट-तासांवर निघते.

आमच्या प्रयोगशाळेत अशी एक पेटी उघडून पाहिली. आत सुमारे ५ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, हिरवा दिवा आणि तो पेटवण्यापुरते चार सुटे भाग. बस. आता गणित करा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला या कपॅसिटरमधून २३० × ३१४ × ०.०००००५, म्हणजे सुमारे ०.३६ अँपिअर प्रवाह जातो. ४० वॅटची जुनी, तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट सुमारे ०.४३ अँपिअर घेते. चोकची उष्णता धरून तिची शक्ती सुमारे ५० वॅट, तर विभवांतर गुणिले प्रवाह ९९. पॉवर फॅक्टर जेमतेम अर्धा. उसनवारीचा भाग पायथागोरसने काढा, ८५ च्या आसपास येतो. पेटीतला कपॅसिटर २३० × ०.३६, म्हणजे ८३ ची उलटी उसनवारी करतो. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि तारेतला प्रवाह ०.४३ वरून ०.२२ अँपिअरवर येतो. पाहणाऱ्याला वाटते, निम्मी वीज वाचली! शक्ती पूर्वी ५० वॅट होती, आताही ५० वॅटच आहे.

विक्रेता प्रात्यक्षिकासाठी चोक किंवा रिकामी फिरणारी छोटी मोटर का निवडतो ते यावरून कळेल. छताच्या पंख्यावर हा खेळ तितकासा रंगत नाही, कारण पंख्याला स्वतःचा कंडेन्सर असतो आणि त्याचा पॉवर फॅक्टर मुळातच चांगला असतो. इस्त्रीवर तर अजिबात जमत नाही. आणि घरातले सगळे बंद करून फक्त पेटी चालू ठेवली तर विक्रेत्याचाच अँपिअरमापक शून्यावरून ०.३६ वर चढतो. हे प्रात्यक्षिक कोणी दाखवताना मी पाहिलेले नाही.

मग पेटीने शून्य बचत होते का? अगदी शून्य म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. घरातल्या तारांत प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते. समजा घरात ५ अँपिअर प्रवाह आहे, पॉवर फॅक्टर ०.८ आहे आणि तारांचा रोध ०.२ ओहम आहे. एकूण खर्च ९२० वॅट, त्यातले ५ वॅट तारांत. पॉवर फॅक्टर एक केला तर प्रवाह ४ अँपिअर होईल आणि तारांतली उष्णता ३.२ वॅट. वाचले १.८ वॅट, म्हणजे हजारात दोन. तेही कपॅसिटर प्रत्येक उपकरणाच्या शेजारी लावला तर. मीटरजवळच्या प्लगमध्ये खोचला तर पुढच्या तारांतला प्रवाह होता तसाच राहतो. आणि त्या एवढ्याशा ५ मायक्रोफॅरडने हे सगळे होणारही नाही. वर हिरवा दिवा रात्रंदिवस स्वतःची थोडी वीज खात असतो.

नासाचे नाव कुठून आले?

ही नुसती थाप नाही, तिच्या मुळाशी एक खरा शोध आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ऊर्जाबचतीचा शोध सर्वत्र सुरू होता. नासाच्या हंट्सव्हिल येथील मार्शल अंतराळ उड्डाण केंद्रातील फ्रँक नोला या अभियंत्याने एक नियंत्रक बनवला आणि १९७७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. प्रत्यावर्ती विजेची मोटर भार नसतानाही पूर्ण विभवांतर घेत राहते आणि त्यात थोडी शक्ती उष्णतेत वाया जाते. नोलाचा नियंत्रक प्रवाह किती मागे पडला आहे ते पाहून भाराचा अंदाज घेई आणि भार कमी असेल तर मोटरला मिळणारे विभवांतर घटवी. वाया जाणारी शक्ती त्यामुळे खरोखर घटत असे. बराच वेळ रिकाम्या फिरणाऱ्या मोटरींना याचा फायदा होता. पूर्ण भारावर चालणाऱ्या मोटरीला मात्र काहीच नाही, आणि घरात रिकाम्या फिरणाऱ्या मोटरी असतात किती?

नोलाच्या उपकरणाचे नाव होते 'पॉवर फॅक्टर नियंत्रक'. नासाने पुष्कळ कंपन्यांना त्याचे परवाने दिले. नियंत्रक यथावकाश मागे पडला, पण 'नासा' आणि 'पॉवर फॅक्टर' हे दोन शब्द शिल्लक राहिले आणि कपॅसिटरच्या पेटीला चिकटले. नोलाच्या नियंत्रकाचा आणि आपल्या पेटीतल्या कपॅसिटरचा संबंध नावापुरताच आहे.

मिठाची पुडी आणि संचालकाचा राजीनामा

"पण माझ्या साडूने लावली आणि त्याचे बिल खरेच कमी आले," हा या चर्चेतला हुकमाचा पत्ता असतो. त्याला उत्तर देण्यापूर्वी एक जुनी हकीकत सांगतो. तिच्यात घरगुती पेटी नाही, मोटारीची बॅटरी आहे, पण सगळी पात्रे ओळखीची वाटतील.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जेस रिची या गृहस्थाने 'एडी-एक्स-२' नावाची पुडी विकायला काढली. ती शिसे-आम्ल बॅटरीत टाकली की मरू घातलेली बॅटरी जिवंत होते, असा दावा होता. पुडीत मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट होते, म्हणजे ग्लॉबरचे मीठ आणि एप्समचे मीठ. रिची लबाड होता असे मला वाटत नाही. त्याचा आपल्या पुडीवर विश्वास होता, आणि समाधानी गिऱ्हाइकांची पत्रे त्याच्याकडे खरोखरच होती.

वॉशिंग्टनमधील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स ही १९०१ मध्ये स्थापन झालेली सरकारी मापन प्रयोगशाळा. बॅटरीत टाकायच्या अशा पुड्या ती कित्येक वर्षे तपासत आली होती आणि एकीचाही उपयोग होत नाही असे तिने १९३१ च्या पत्रकात सांगितले होते. एडी-एक्स-२ बद्दलही तिचा निष्कर्ष तोच निघाला. त्या आधारे टपाल खात्याने फेब्रुवारी १९५३ मध्ये टपालाने होणाऱ्या या विक्रीविरुद्ध फसवणुकीचा आदेश काढला. रिचीने लोकप्रतिनिधींकडे दाद मागितली. सरकार नुकतेच बदलले होते. नवे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांचे मत असे पडले की गिऱ्हाइके समाधानी असताना प्रयोगशाळेने बाजाराचा कौल लक्षात घेतला नाही, एका छोट्या उद्योजकावर अन्याय केला. टपालाचा आदेश स्थगित झाला आणि ब्युरोचे संचालक अ‍ॅलन ॲस्टिन यांच्याकडे राजीनामा मागण्यात आला.

ॲस्टिन यांची भूमिका साधी होती. पुडी टाकलेल्या आणि न टाकलेल्या बॅटऱ्यांत फरक आढळत नाही, आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांनी तो निर्माण होणार नाही. ब्युरोतील शेकडो शास्त्रज्ञांनी नोकरी सोडण्याची तयारी दाखवली, देशभरातील वैज्ञानिक संस्थांनी निषेध केला. मंत्र्यांना माघार घ्यावी लागली. ॲस्टिन पदावर राहिले, ते थेट १९६९ पर्यंत. नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने नेमलेल्या समितीने १९५३ च्या अखेरीस अहवाल दिला. ब्युरोचे काम उत्तम होते आणि पुडीत काही अर्थ नव्हता, असे त्यात म्हटले होते. टपाल खात्याने मात्र आपला आदेश मागेच घेतला होता, त्यामुळे पुडी विकणाऱ्याला शिक्षा वगैरे काही झाली नाही. विज्ञान जिंकले की सगळे सुरळीत होते, असे इतिहासात क्वचितच घडते.

मग गिऱ्हाइके समाधानी का होती? पुडी टाकायची म्हणजे माणूस आधी बॅटरी उघडणार, पाण्याची पातळी बघणार, ती भरणार, आणि सूचनेप्रमाणे बॅटरी सावकाश चार्ज करणार. दुर्लक्षित बॅटरीला एवढी काळजी मिळाली तर तिच्यात सुधारणा व्हायचीच. श्रेय पुडीला जाते. पुडी टाकली नसती आणि बाकी सगळे तसेच केले असते तर काय झाले असते, हे घरी कोणी करून पाहत नाही. प्रयोगशाळा तेवढेच करून पाहते.

साडूंच्या बिलाचेही असेच असते. पेटी मे महिन्यात घेतली, बिल जुलैचे पाहिले. मधे पाऊस आला आणि पंखे, कूलर थांबले. शिवाय हजार रुपये खर्चून पेटी आणलेल्या घरात दिवे विझवण्याकडे लक्ष वाढते. मुलांना "पंखा बंद कर" असे चारदा जास्त सांगितले जाते. विक्रेत्यांनाही हे ठाऊक असावे. "पहिला परिणाम दिसायला दोन महिने द्या," असे पुष्कळ वेष्टनांवर छापलेले असते. कपॅसिटरला आपले काम सुरू करायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे १९८८ मध्ये नामांतर होऊन ती नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी झाली. घरगुती पॉवर फॅक्टर पेट्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले. घरचा मीटर प्रत्यक्ष ऊर्जा मोजतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारून घरगुती बिलात लक्षात येण्याजोगी बचत होत नाही, हे त्यात सविस्तर दाखवले आहे. ॲस्टिन यांच्या वारसांना मंत्र्यांनी या वेळी त्रास दिला नाही. पेट्यांची विक्रीही थांबली नाही.

शाळेतला प्रयोग

हे सगळे वर्गात सांगण्यापेक्षा मोजून दाखवणे चांगले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' किंवा असाच आकडा छापलेला असतो. शाळेतले बाकी सगळे बंद करता येईल अशी वेळ निवडा, संगणक आणि पाण्याचा पंपही. फक्त एक जुनी चोकची ट्यूबलाइट चालू ठेवा. ५० वॅटला तासाला १६० लुकलुकी, म्हणजे साडेबावीस सेकंदांना एक. दहा लुकलुकींचा वेळ मोजा, तो २२५ सेकंदांच्या आसपास येईल. मग पेटी लावून पुन्हा दहा मोजा. मुलांचे दोन गट करा आणि पेटी लावली आहे की नाही हे वेळ मोजणाऱ्या गटाला सांगू नका. मीटर आणि वायरिंग उघडायचे नाही, फक्त दिवा पाहायचा. पेटीही उघडू देऊ नका. बाहेर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये प्रभार राहू शकतो आणि चांगलाच झटका बसतो. पुष्कळ पेट्यांत फ्यूज नसतो, कपॅसिटर हलक्या दर्जाचा असतो, त्यामुळे प्रयोग संपला की ती प्लगमध्ये ठेवून देऊ नका.

ट्यूब मिळाली नाही तर इस्त्री घ्या, उत्तर लवकर मिळेल. १००० वॅटला साधारण सव्वा सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ एका लुकलुकीला लागतो, शंभर लुकलुकी दोन मिनिटांच्या आत होतात. इस्त्री मात्र मधेच आपोआप बंद होते, तेवढे सांभाळा.

आणि मोठ्या मुलांना गीझरचे गणित घाला. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १८८० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त. पेटीवर गीझरच्या बिलातही चाळीस टक्के बचत लिहिलेली असेल, तर तेवढ्या कमी ऊर्जेत पाणी किती अंशांपर्यंत तापेल ते काढायला सांगा. माझ्या हिशेबाने ४३ अंश येतात.